वाद्याचा वाटा

बँजो पार्टीचं नाव गाण्यावरून ठरत नाही, पत्त्यावरून ठरतं. मी लालबागला वाढलो त्या काळात गणपतीत, गोविंदात, हळदीत वाजवणाऱ्या ज्या पार्ट्या होत्या, त्यांच्या नावातला पहिला शब्द एक तर देवाचा असायचा, नाहीतर चाळीचा किंवा गल्लीचा. त्याला कारण होतं. सुपारी द्यायला येणारा माणूस बयाणा खिशात घालून नाक्यावर उतरणार आणि पानवाल्याला विचारणार. नावात चाळ असली की पानवाला हात करून दाखवतो. देव असला तर माणूस निदान देवळापर्यंत पोचतो, पुढचं तिथली पोरं बघतात. फोन वाण्याच्या दुकानात एकच, आणि वाणी निरोप देईल याची खात्री नाही. अशा दिवसांत नावाला दुसरं काही काम नव्हतं.

१९८९ साली आम्ही पाच जणांनी पार्टी काढायचं ठरवलं तेव्हा हे आम्हाला कुठे ठाऊक! आमचा ढोलकीवाला इंग्रजी नावासाठी अडून बसला. त्याचा मोठा भाऊ धोबीतलावला कॉलेजात जायचा, आणि रंगभवनात रॉक मशीनचा कार्यक्रम ऐकून आला होता. १९८४ पासून वाजवणारी मुंबईचीच पोरं, स्वतःची इंग्रजी गाणी करणारी, आणि नाव असं की ऐकणाऱ्यानं वळून बघावं. पुढे १९९३ मध्ये त्यांनी ते नाव टाकलं आणि इंडस क्रीड झाले, तेव्हा ढोलकीवाल्याला जवळच्या माणसानं फसवल्यासारखं वाटलं होतं. पण ८९ साली त्याच्या वहीत मशीन, पॉवर, थंडर असल्या शब्दांच्या याद्या होत्या. ताशावाल्याला देव हवा होता, म्हणजे वर्गणी मागताना कोणी नाही म्हणत नाही. मला 'म्युझिकल ग्रुप' ही जोड हवी होती. बँजो पार्टी म्हटलं की लोक हलकं समजतात, असं मला तेव्हा वाटायचं.

भांडण मिटवलं ते खानावळवाल्या मावशीनं. आमच्या मजल्यावर टोकाची खोली तिची. ढोलावर नाव रंगवायला गणपतीच्या कारखान्यात काम करणारा एक पेंटर ठरवला होता, आणि तो अक्षरामागे पैसे घ्यायचा. मावशीनं आमची तिन्ही नावं ऐकली आणि एवढंच विचारलं, "कुठल्याची अक्षरं कमी?" मग तिनं स्वतःच बोटांवर मोजून निकाल दिला. चाळीचं नाव पुढं, पार्टी मागं, बाकी सगळं पुसायचं. ते नाव मी इथं लिहीत नाही. त्या नावानं आजही पोरं वाजवतात, आणि त्यांच्या धंद्यावर माझ्या आठवणींचं ओझं नको.

या बाईचं मी काय देणं लागतो, ते सांगायचं तर गिरणगावातल्या झोपेपासून सुरुवात करावी लागते.

गिरण्या चालू होत्या तेव्हा चाळीत दिवसा आवाज करायची सोय नव्हती. रात्रपाळी करून आलेली माणसं सकाळपासून दुपार कलेपर्यंत झोपलेली असायची. एकेका खोलीत कोकणातले, घाटावरचे दहा-पंधरा गडी पाळीपाळीनं झोपायचे, एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पडायची. गॅलरीत लगोरी खेळणाऱ्या पोराच्या पाठीत कुठल्या दारातून चप्पल येईल सांगता येत नसे. अशा चाळीत ताशा वाजवणं तर सोडाच, त्याला शेक द्यायलाही कोणी बसू दिलं नसतं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप मागे घेतल्याचं कोणी कधी जाहीर केलंच नाही. काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या चालू झाल्या, पुष्कळ माणसं गावाला गेली ती गेलीच. त्यानंतर आमच्या चाळीत दिवसा झोपणारं कोणी उरलं नाही. नव्वदीच्या सुमाराला गिरणगावात इतक्या बँजो पार्ट्या निघाल्या, त्याचं श्रेय लोक टी-सीरिजच्या कॅसेटींना देतात, गणपतीत वाढलेल्या पैशाला देतात. तेही असेल. माझ्या मते पोरं रिकामी होती, आणि दुपारी वाजवलं तर ओरडणारं कोणी नव्हतं, ही त्यातली मोठी कारणं आहेत. माझे वडील त्या वेळी एका दुकानात वॉचमन होते. मला बँजो वाजवताना ऐकून ते उठून खाली जायचे, पण बोलले काही नाहीत.

संपाआधी मावशीच्या खानावळीत तीस-पस्तीस मेंबर होते. जेवायला येणाऱ्याला खानावळीत मेंबरच म्हणायचे. प्रत्येकाच्या नावाचं एक पान, त्यावर खाडे, पाहुण्याचं जादा ताट, महिन्याची जमा. तिला लिहिता यायचं ते तेवढ्यापुरतंच, पण आकड्यात तिला कोणी चुकवू शकलं नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी दादर-परळच्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यातून ज्यांना बँकेची पायरी पहिल्यांदा चढायला मिळाली त्यातली ती एक. तोवर या बायका सावकाराच्या आणि वाण्याच्या मुठीत होत्या. तारण ठेवायला काही नसलेल्या बायका एकमेकींना जामीन राहून कर्ज काढतात आणि फेडतातही, हे तिनं तिथं बघितलं आणि जन्मभर वापरलं.

आमच्यावरसुद्धा वापरलं. डिलाईल रोडच्या एका जुन्या पार्टीनं टाकून दिलेला बँजो दीड हजारात मिळत होता. लाकडाची पेटी, आत तारा, वर बटणांची रांग. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्यानं तार छेडायची. या वाद्याचं मूळ जपानात आहे, हे मला फार नंतर कळलं. नागोया शहरात १९१२ साली मोरिता गोरो यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य केलं, बटणांची कल्पना टाइपरायटरवरून घेतली. आपल्याकडे येऊन ते बुलबुलतरंग झालं, पोरांच्या हातातलं खेळणं झालं, आणि मुंबईतल्या गल्ल्यांनी त्याला पिकअप लावून, अँप्लिफायरला जोडून भर मिरवणुकीत उभं केलं. अमेरिकेतल्या गोल, कातडं मढवलेल्या बँजोशी याचं काही नातं नाही.

तर ते दीड हजार आमच्याकडे नव्हते. मावशीकडे मागितले, तर ती म्हणाली, "पाच जणांच्या पाच आया माझ्या म्होरं आणून बशवा." आल्या. घरात कोणाला काही न सांगता चाललेला आमचा सगळा उद्योग त्या दुपारी उघडा पडला. मावशीनं पाचही जणींना सांगितलं की कर्ज पोरांचं आहे, जामीन तुम्ही आहात, एकीचा पोरगा चुकला तर बाकीच्या चौघींनी भरायचं. माझी आई घरी येऊन मला काही बोलली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून मी सरावाला गेलो की नाही यावर तिची नजर राहिली. आधी ज्या गोष्टीसाठी मार बसला असता, ती न केल्याबद्दल आता मार बसणार होता.

मग मावशीनं वहीत आमच्या नावाचं पान उघडलं. वर पार्टीचं नाव, खाली दीड हजार नावे. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली वायर आणि पिकअप नावे. खोलीत सराव करताना प्यायलेला चहासुद्धा नावे, कपांसकट. खोलीचं भाडं मात्र तिनं लावलं नाही. दुपारी ती खोली तशीही रिकामीच असते, असं तिचं म्हणणं. पूर्वी त्या वेळेला तिथं पहिल्या पाळीची पंगत बसायची.

तिचा एक नियम होता, आणि आमची पार्टी टिकली ती त्या नियमावर. सुपारीचे पैसे आले की त्याचे पाच नाही, सहा वाटे करायचे. सहावा वाटा वाद्याचा. तो कोणाच्या हातात द्यायचा नाही, मावशीकडे जमा. त्यातून कर्ज फिटायचं, तारा यायच्या, ढोलाचं कातडं बदलायचं, बॅटरी चार्ज व्हायची. तिच्या माहेरी पाटण खोऱ्यात बैलाचा वाटा वेगळा काढायची रीत होती म्हणे. आम्हाला हे जाचक वाटायचं. हळदीत रात्रभर उभं राहून वाजवायचं, बोटांना फोड आणायचे आणि एका लाकडाच्या पेटीनं आपल्याइतकेच पैसे घ्यायचे! पण आमच्याबरोबर निघालेल्या आणि आमच्यापेक्षा चांगल्या वाजवणाऱ्या दोन-तीन पार्ट्या मी डोळ्यांदेखत मोडताना बघितल्या, आणि दर वेळी भांडण तार कोणी आणायची यावरूनच सुरू झालं होतं. सूर कोणाचा चुकला यावरून पार्टी मोडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

वाजवण्याबद्दल मावशीला काही कळत नव्हतं, असं आम्ही समजत होतो. १९८८ च्या शेवटी 'तेजाब' आला आणि त्या पुढच्या गणपतीत लक्ष्मीकांत-प्यारेलालचं 'एक दो तीन' ज्याला येत नाही त्याला कोणी उभं करत नव्हतं. आम्ही ते घोटलं. मावशी चुलीजवळ बसून ऐकायची. एके दिवशी म्हणाली, "ह्ये गणपतीत चालंल. पर गणपती वर्साचं दहा दिस. हळदी बारा म्हैनं." आणि पुढे जे म्हणाली ते कुठल्याही वाद्यवृंदाच्या व्यवस्थापकानं मला पुढे शिकवलं नाही. हळदीचे पैसे पुरुष देतात, पण वाजवायला कोणाला बोलवायचं ते बायका ठरवतात. बायकांना काय हवं? त्यांना त्यांचीच गाणी हवी असतात, पण नाचता येतील अशी. मग तिनं खोलीत चाळीतल्या म्हाताऱ्या बसवल्या आणि जात्यावरच्या, हळदीच्या, गौरीच्या चाली आम्हाला गाऊन दाखवायला लावल्या. त्या गाणार, मी बँजोवर शोधणार, ढोलकीवाला ठेका बसवणार. एकीला कोळीगीतं येत होती, माहेर वरळी कोळीवाड्यातलं. तिच्याकडून आम्हाला जे मिळालं त्यावर आम्ही पुढे कितीतरी वर्षं खाल्लं.

नव्या पार्टीला मोठे दिवस मिळत नाहीत, हा या धंद्याचा रिवाज. अनंत चतुर्दशीला गणेश गल्ली, चिंचपोकळीसारख्या जुन्या मंडळांच्या मिरवणुकांत नव्या पोरांना कोण उभं करणार? त्यांच्या वाट्याला दीड दिवसाचे घरगुती गणपती आणि फार तर गौरीबरोबरचं विसर्जन. तेही पावसात. अँप्लिफायरवर प्लास्टिक, बॅटरी हातगाडीवर, बँजोच्या तारा दोन दिवसांत गंजलेल्या. पहिलं वर्ष आम्ही तसंच काढलं. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात मात्र आमच्याकडे सुपाऱ्यांची रीघ लागली, आणि सगळ्या कोकणातल्या नाहीतर साताऱ्याकडच्या. आम्हाला वाटलं, नाव झालं. मुंबईतली चाळीच्या नावाची पार्टी राजापूर, कणकवलीपर्यंत पोचली म्हणजे काय! ढोलकीवाला तर कॅसेट काढायची भाषा करायला लागला.

परळ डेपोतून रात्रीची एसटी, टपावर ढोल, बँजो मांडीवर. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. कशेडीच्या घाटात ताशावाल्याला हमखास ओकारी. गावात पोचलो की वाडीतली पोरं मागे लागायची, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात यायची. आमच्या पार्टीचं नाव तिथं कोणी घेत नसे. "मावशीची पोरं इली" असंच सगळे म्हणायचे. कुठल्या मावशीची, हे कोणी कोणाला विचारायचं नाही.

कणकवलीजवळच्या एका गावात हळद आटपल्यावर नवरीचा बाप आमच्याजवळ येऊन बसला. पूर्वी साचेवाला होता, आता थोडी भातशेती. पैसे त्यानं ठरल्याप्रमाणे मोजून दिले आणि म्हणाला, "वाजवलास बरा. पण तुमका वाजपासाठी नाय बोलावलंय. मावशीचा देणा होता माज्यावर." मग सगळं बाहेर आलं. संपाचे पहिले कितीतरी महिने मावशीनं मेंबरांना उधारीवर जेवू घातलं होतं. गावाहून कोणी तांदूळ आणला, कोणी नाचणी आणली, तेवढंच. वाण्यानं तिचीच उधारी बंद केली तेव्हा तिनं गळ्यातल्या पुतळ्या मोडल्या. ती माणसं एकेक करत गावाला गेली, पानं तशीच राहिली. तिनं कधी तगादा लावला नाही. आणि आठ वर्षांनी या माणसाला तिचं पंधरा पैशांचं पोस्टकार्ड गेलं. मजकूर असा की तुझ्या पोरीचं लग्न आहे असं ऐकते. माझे पैसे मला नकोत. माझी पोरं वाजवतात, त्यांना हळदीला बोलव, त्यांचे पैसे त्यांना दे, आपला हिशोब मिटला.

अशी कार्डं किती गेली होती, हे मी तिला कधी विचारलं नाही. त्या दोन-तीन वर्षांत जिथं जिथं आम्ही गेलो, तिथल्या बहुतेक घरांत मला एखादा म्हातारा दिसायचा जो नाचायचा नाही, नुसता बसून ऐकायचा आणि शेवटी मावशी बरी आहे का म्हणून विचारायचा. आमच्या परतीनंतर मावशी वहीतलं ते पान काढायची आणि लाल शाईनं आडवी रेघ मारायची. म्हणजे आमच्या पहिल्या यशाचा सगळा खर्च तिच्या बुडालेल्या पैशांतून झाला होता. तरीही आमच्या पानावरचा चहा तिनं माफ केला नाही.

लिव्हरपूलच्या पोरांची गोष्ट मी पुढे वाचली तेव्हा मला आमचीच आठवण झाली. जॉन लेननच्या पहिल्या बँडचं नाव क्वॉरीमेन होतं, ते त्याच्या क्वॉरी बँक या शाळेवरून पडलेलं. ६ जुलै १९५७ ला वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत ते मिरवणुकीत लॉरीवर बसून वाजवत गेले आणि त्याच दिवशी त्याला पॉल मॅकार्टनी भेटला. लॉरीवर! कपडे धुवायचा पत्रा आणि चहाच्या खोक्याला बांधलेली दोरी ही त्यांची वाद्यं. कामं वस्तीबाहेरून यायला लागली तसं त्यांचं शाळेचं नाव गळून पडलं आणि १९६० मध्ये ते बीटल्स झाले. आमची कामं लवकरच वस्तीबाहेर गेली, पण ज्यांच्याकडे गेली ते सगळे आमच्याच वस्तीतून उठून गेलेले होते. म्हणून असेल, आम्हाला नाव बदलायची गरज पडली नाही.

१९९६ च्या आसपास पार्टीत फूट पडली. कारण ऑक्टापॅड. रोलंड कंपनीनं ते काढलं १९८५ मध्ये, पण आमच्या गल्लीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला, आणि आलं तेव्हा त्याची किंमत आमच्या सगळ्या वाद्यांहून जास्त होती. वाद्याचा वाटा साठला होता. ढोलकीवाला आणि ताशावाला म्हणाले, घेऊ या. बाकी दोघे म्हणाले, वाटून टाकू या, लग्नं झाली आहेत आपली. मला नाट्यगृहातल्या एका वाद्यवृंदात कीबोर्डवर बसायला मिळत होतं, मी निघायच्या बेतात होतो. आणि निघताना मला पार्टीचं नाव बरोबर हवं होतं. बँजो मी वाजवत होतो, चाली मी बसवल्या होत्या, कार्यक्रमाच्या जाहिरातीत ते नाव माझ्यापुढे लागलं असतं तर मला उपयोग होता. मावशीकडे गेलो. तेव्हा ती अंथरुणावर होती, खानावळ सून चालवत होती, मेंबर म्हणजे आता कुरिअरची आणि सिक्युरिटीची पोरं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाव वाद्यासंगं जाईल. तू वाद्य ठिवून चाल्लास, मग नाव कशाला रं?" ऑक्टापॅड आलं. नाव तिथंच राहिलं. वाद्यवृंदात मी बरी वर्षं काढली, घर केलं, आणि पावतीवर सही करण्याआधी आकडे दोनदा वाचायची सवय मला तिथं कोणी लावली नव्हती.

मावशी गेली त्या वर्षी आम्ही पाचही जण खांदा द्यायला होतो. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा सगळ्यांचं सामान संक्रमण शिबिरात हललं, आणि मावशीच्या वह्या रद्दीत गेल्या असं सुनेनं मला सांगितलं. तिला वाईट वाटत होतं, पण एवढ्याशा खोलीत ती कुठे ठेवणार होती त्या? पुतळ्यांचा सोनार, वाण्याचं नाव, आमच्या चहाचे कप, सगळं त्यातच होतं. मी शेवटचं बघितलं तेव्हा आमच्या पानावर दीड हजार फिटले होते, वायर फिटली होती, चहाची बाकी चालू होती.

पार्टी आता ताशावाल्याचा मुलगा चालवतो. चाळीच्या जागी टॉवर आहे, नावात चाळ आहे. कोणी पत्ता विचारत नाही, मोबाइल असतो. पोरं रात्री दहाच्या ठोक्याला थांबतात, कारण पोलीस यंत्र घेऊन उभे असतात, आणि कोपऱ्यावरच्या टॉवरमधला माणूस त्याआधीच तक्रार करतो. दिवसा झोपणारी माणसं गिरणगावात परत आली आहेत, ती आता परदेशातल्या कंपन्यांची रात्रपाळी करतात. वाद्याचा वाटा मात्र अजून निघतो, वेगळ्या खात्यात.

गेल्या एप्रिलमध्ये त्या पोराचा मला फोन आला. "काका, कणकवलीची हळदीची सुपारी आहे. ते म्हणतात, आमच्या आजोबांचं तुमच्या पार्टीशी जुनं काहीतरी आहे, थोडं कमी करा. काय करू?"

मी गावाचं नाव विचारलं. मग म्हटलं, "त्या घराचं पान मावशीनं स्वतः लाल शाईनं मारलंय. त्यांचं आपलं काही उरलेलं नाही. पूर्ण पैसे सांग, गाडीभाडं वेगळं. आणि बयाणा आधी घे."